शेव संपेपर्यंत

कुसुमआत्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत सातवीच्या पेपरांचे गठ्ठे बांधत होते. "नंदे, घरी ये. घाई करू नकोस," एवढंच ती म्हणाली. आत्या आयुष्यात कुणाला 'घाई करू नकोस' म्हणालेली नाही. पंच्याऐंशीच्या वयातही जिन्यावर ती माझ्या पुढे असते आणि वर पोचून 'आलात का बाईसाहेब' म्हणून टोमणा मारते. त्यामुळे मला कळलं. गठ्ठ्याच्या सुतळीला मी नीट गाठ मारली, वर इयत्ता लिहिली, तुकडी लिहिली, आणि मग गंगापूर रोडच्या घरी गेले. अण्णा पलंगावर होते. आत्यानं त्यांचे केस ओले करून भांग पाडला होता. माझ्या वडिलांनी जन्मात भांग पाडला नव्हता. हे काय केलंस, असं मी तिला विचारलं, तर म्हणाली, "शाळेत जाताना मी असाच पाडायचे. गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत विस्कटून टाकायचा मेला." आणि मग तिला आपण कोणता शब्द वापरला ते कळलं, आणि ती खाली बसली.

त्याला आता सात आठवडे होतील. या पुरवणीचं काम बघणारी माझी वर्गमैत्रीण म्हणाली, अण्णांच्या लहानपणीच्या खोड्या लिही, तू सांगतेस तेव्हा आम्ही पोट धरून हसतो. मी हो म्हणाले. खोड्यांना काही तोटा नाही. पण लिहायला बसलं की एकाच खोडीपाशी येऊन हात थांबतो, आणि ती हसण्यासारखी नाही. ती वगळून बाकीच्या लिहिल्या तर आत्याच्या तोंडाकडे मी कशी बघू… आणि लिहिली तर अण्णांच्या फोटोकडे कशी बघू. गेले सात आठवडे मी या दोघांच्या मध्ये उभी आहे, आणि खरं सांगते, पार थकून गेले आहे.

अण्णा म्हणजे दिनकर, घरात दिनू. पंचवटीत घाटापासून हाकेच्या अंतरावर त्यांचं घर. खाली तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान, वर चार खोल्या, त्यात दोन भावांचे संसार. धाकटे भाऊ म्हणजे माझे आजोबा. थोरले ते तात्या. तात्यांची एकुलती एक मुलगी कुसुम, दिनूपेक्षा आठ वर्षांनी मोठी. म्हणजे ती माझी चुलत आत्या, पण हा 'चुलत' शब्द आमच्या घरात मी कधी ऐकलेला नाही. दिनूला न्हाऊ घालणं, शाळेत सोडणं, त्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या माणसांना पाणी देऊन शांत करणं, ही सगळी कामं कुसुमची. आणि तक्रारी रोज यायच्या. देवळाबाहेर यात्रेकरूंनी काढून ठेवलेल्या चपलांतली प्रत्येक डाव्या पायाची चप्पल हा एक जागा पुढे सरकवायचा आणि समोरच्या ओट्यावर बसून गंमत बघायचा. सटाण्याहून त्याचे मामा यायचे, अंगानं भरभक्कम आणि रागानं त्याहून भरभक्कम. त्यांच्या वळकटीत यानं गजराचं घड्याळ गुंडाळून दिलं. भरल्या एसटीत ते वाजायला लागलं, आणि कंडक्टरनं गाडी थांबवून मामांना भर रस्त्यात वळकटी सोडायला लावली. पुढच्या खेपेला मामा दारातूनच कुसुमला आपल्या अहिराणीत म्हणाले, "हाऊ पोऱ्या नही, उपद्याप शे." त्यानंतर ते जन्मभर निघण्याआधी वळकटी झटकून बघत.

सगळे दिनूला बडवायचे. तात्या मात्र त्याला कधी मारत नसत. संध्याकाळी दुकान बंद करताना ते समोरून कागदाच्या पुडीत शेव आणून त्याच्या हातात ठेवायचे आणि म्हणायचे, "आज काय केलंस ते सांग आधी." तो सांगायचा आणि ते फळ्या लावता लावता हसायचे. ती शेव दिनू खात नसे. झाकणाला पोचा आल्यामुळे विकला न गेलेला एक पितळी डबा त्याला दुकानातून मिळाला होता. त्यात तो साठवून ठेवायचा. कशासाठी, ते घरात कुणाला माहीत नव्हतं. मलाही सत्तावन्नाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं.

तो डबा आमच्या घरी आहे. माझ्या लहानपणापासून मी अण्णांना रोज सकाळी त्यातली मूठभर शेव कावळ्यांना घालताना पाहिलं आहे. आधी अंगणात, मग गंगापूर रोडला फ्लॅट घेतल्यावर बाल्कनीच्या कठड्यावर. ताप असो, पाऊस असो, माझ्या लग्नाचा दिवस असो. सोसायटीच्या लोकांनी तक्रार केली, खालच्या गाड्यांवर घाण होते म्हणून. अण्णा मीटिंगला गेले, सगळ्यांचं ऐकून घेतलं, दुसऱ्या दिवसापासून सगळ्या गाड्या स्वतः पुसायला लागले, पण शेव थांबवली नाही. आम्ही म्हणायचो, काय जीव आहे यांचा पाखरांवर. आत्या तर कौतुकानं शेजारणींना आणून दाखवायची.

अण्णांची डावी बाजू गेली तेव्हा आत्या पिशवी घेऊन आली, ती राहिलीच. ती येणार हे आम्ही धरूनच चाललो होतो, कारण आमच्या घरातलं प्रत्येक आजारपण तिच्याच हातून गेलेलं. माझं बाळंतपण तिनं केलं, माझ्या आईचं शेवटचं दुखणं तिनं काढलं, स्वतःच्या नवऱ्याचंही. तिला मूलबाळ नाही. अण्णांचं अंग पुसणं, कूस बदलणं, पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी उठणं, हे तिनं पंच्याऐंशीव्या वर्षी केलं. डॉक्टर एकदा तिला म्हणाले, "आजी, तुम्ही नर्स होतात का?" ती हसली आणि म्हणाली, "नाही हो. राहून गेलं." अण्णांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मला वाटलं, मान अवघडली असेल.

त्याच दुपारी आत्या औषधं आणायला खाली गेली आणि अण्णांनी मला जवळ बोलावलं. जीभ जड झाली होती, एकेक वाक्य जोडत ते बोलत होते. घाटावर दहाव्याचे विधी चालतात. पिंड ठेवायचा आणि कावळ्याची वाट बघायची. कावळा शिवला की गेलेलं माणूस तृप्त होऊन गेलं, नाही शिवला की त्याची काही इच्छा राहिली. मग घरचे हात जोडून एकेक वचन द्यायला लागतात. दिनूला शोध लागला होता की, मागच्या एका घराच्या पत्र्यावर चढून मूठभर शेव टाकली की घाटावरचे सगळे कावळे तिकडे येतात. मग पालथं पडून ऐकत राहायचं, खाली कोण काय कबूल करतंय. कुणी म्हणे भावाशी अबोला सोडतो, कुणी म्हणे विहिरीचा वाद मिटवतो. हसून हसून पोट दुखलं की हा शेव थांबवायचा, कावळा खाली उतरायचा आणि माणसं डोळे पुसत घरी जायची. मी हसले. अण्णांच्या खोड्या ऐकल्या की हसायची मला सवयच होती. अण्णा हसले नाहीत. "मग तात्या गेले," ते म्हणाले.

तात्या दुकानात बसल्या बसल्या गेले. कुसुमचं तेव्हा मुंबईला नर्सिंगला नाव लागलं होतं आणि त्यावरून बापलेकीत कडाक्याचं भांडण झालं होतं. परक्या माणसांची अंगं पुसायला मुलगी पाठवणार नाही, असं तात्या म्हणाले होते. मी जाणारच, असं ती म्हणाली होती. आठवडाभर दोघं बोलत नव्हते, आणि न बोलताच ते गेले. दहाव्याला कावळा येईना. आजोबांनी सगळी वचनं देऊन पाहिली. वहिनींना अंतर देणार नाही, दुकान तुमच्या नावानंच चालेल… काही नाही. मग घाटावर कुणीतरी म्हणालं, त्यांचा जीव पोरीत अडकलाय, तिला आणा. घरून एकोणीस वर्षांच्या कुसुमला आणून पिंडासमोर उभं केलं. सगळे तिला म्हणत होते, बोल, बापाला मोकळं कर. ती बोलेना. तासभर हात जोडून उन्हात उभी राहिली, पण बोलेना. आणि शेवटी म्हणाली, "तात्या, मी नाही जाणार मुंबईला." दोन मिनिटांत कावळा उतरला.

"शेव संपली होती," अण्णा म्हणाले.

तात्यांनी आणलेली, डब्यात साठवलेली सगळी शेव त्या दिवशी त्यानं पत्र्यावर ओतली होती. का, ते मी विचारलं.  अण्णा म्हणाले, "मोठी माणसं म्हणायची, कावळा शिवला की माणूस जातो. मला वाटलं… नाही शिवला तर तात्या जाणार नाहीत." अकरा वर्षांचं पोर. हे खरं होतं की पुढे कधीतरी त्यांनी मनाच्या समजुतीसाठी जोडलं होतं, मला ठाऊक नाही. अण्णा गोष्टीला तिखटमीठ लावायचे. पण त्या वेळी डोळ्यांतलं पाणी कानात जात होतं आणि उजव्या हातानं पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

"तिला मी सांगू शकलो नाही. रोज ठरवायचो. मी गेल्यावर तू सांग," ते म्हणाले. आणि इथं मी भडकले. आजारी माणसावर मी भडकले, हे लिहिते, कारण तेही मला आता झोपू देत नाही. मी म्हटलं, "सहासष्ट वर्षं तुम्हाला जमलं नाही आणि हे माझ्या गळ्यात घालताय? ती खाली तुमचीच औषधं आणायला गेलीये." अण्णांनी डोळे मिटून घेतले. तेवढ्यात आत्या आली, घामाघूम, आणि आल्या आल्या त्यांच्या उशाखालचा टॉवेल बदलायला लागली. पुढे तीन आठवडे अण्णा होते. मी त्यांच्याशी औषधपाण्यापुरतं बोलले. आत्यानं विचारलंही, "बापाशी धुसफूस कसली चाललीये तुझी? आता काय उरलंय त्याचं?" तात्यांशी आठवडाभर न बोललेली तीच, आणि तिच्यादेखत मी तीच चूक करत होते, आणि मला दिसत नव्हतं.

दहाव्याचे विधी मीच केले. अण्णांना दुसरं मूल नाही. गुरुजींनी काही कुरकूर केली नाही. आत्या पायरीवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती, डोक्यावर पदर घेऊन. पिंड ठेवला आणि कावळा येईना. तुम्ही म्हणाल, योगायोग. मीही शाळेत मुलांना विज्ञान शिकवते. पण त्या घाटावर, त्याच पाण्यासमोर मी मान वर करून आजूबाजूचे पत्रे बघायला लागले, कुणी पालथं पडलेलं दिसतंय का म्हणून. कावळे होते, दूर तारेवर बसले होते. आमच्या अंगणात आणि बाल्कनीत मिळून पन्नास वर्षं ज्यांना शेव मिळाली त्यांच्यातला एकही खाली उतरेना. गुरुजी म्हणाले, "ताई, मनात काही असेल तर बोला." माझ्या मनात काय होतं ते मलाच ठाऊक होतं. ते बोलायचं तर दहा पावलांवर आत्या बसलेली. मी म्हटलं, "अण्णा, मी सगळं नीट करीन." अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. 

मग आत्या उठली. काठी टेकत खाली आली आणि पिंडासमोर उभी राहिली, हात जोडून. "दिन्या," ती म्हणाली, "शेवटच्या दिवशी तू चहा मागितलास आणि मी दिला नाही. ठसका लागेल म्हणून नाही दिला रे. त्यात अडकला असशील तर मी आजपासून चहा सोडते. जा आता." मी तिथं होते. मला सगळं माहीत होतं. त्याच जागी, तशीच ती पुन्हा एकदा उभी राहिली होती, पुन्हा काहीतरी सोडत होती, आणि मी तोंड उघडलं नाही. कावळा तरीही आला नाही. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवला, आणि आम्ही घरी आलो.

आत्यानं चहा खरोखर सोडला. जिला चहा म्हणजे प्राण, दिवसातून चार वेळा आलं ठेचून करणारी ती बाई, कपात गरम पाणी घेऊन बसायला लागली. वर तिचा घोर वेगळाच. "दर्भाचा शिवला म्हणजे फसवणूकच की गं ती. गेला नसणार तो," असं ती मला येता जाता म्हणायची. जेवण निम्म्यावर आलं. सहाव्या आठवड्यात तिला चक्कर आली, मी तिला धरून स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवलं, आणि म्हणाली काय, तर "घोटभर चहा दिला असता तर काय झालं असतं." तेव्हा माझ्यानं राहवलं नाही. मी कट्ट्यावरचा तो पितळी डबा आणून तिच्यासमोर ठेवला आणि पत्र्यापासून शेव संपेपर्यंत सगळं सांगितलं. अण्णांनी दिलेलं कारणही सांगितलं.

ती ऐकत होती. मध्ये एकदा डब्याच्या झाकणाच्या पोच्यावर बोट फिरवलं. मग म्हणाली, "म्हणजे तात्यांना माझ्याकडून काही नको होतं?"

मी म्हटलं, "तात्यांचं मला माहीत नाही आत्या. कावळा आला कारण शेव संपली. एवढंच मला माहीत आहे."

"दहा मिनिटं आधी संपली असती तर…" ती म्हणाली. दहा मिनिटं आधी ती अजून बोलली नव्हती. बराच वेळ नळाचं पाणी ठिबकत होतं. उठून तो बंद करण्याचीही मला हिंमत होईना. मग एकदम तिचा आवाज चढला. "सासरी किती काय काय झालं माझं. दर वेळी मी तात्यांना म्हणायचे, बघा, तुमचं ऐकलंय हं मी. बघताय ना. आणि ते काही बोललेच नव्हते? आणि हा… हा माझ्या हातांनी रोज अंग पुसून घेत होता. रोज, नंदे. माझ्याकडे बघायचा आणि पाणी गरम आहे म्हणायचा. आता सांगतेस होय? आता मी कुणाला मारू?" तिनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं. मी तिच्या पायाशी बसले. ती माझ्या डोक्यावर हात ठेवेल असं मला वाटलं, आजवर नेहमी ठेवला होता. तिनं नाही ठेवला.

दोन दिवस ती खोलीतून बाहेर आली नाही. मी दाराबाहेर ताट ठेवायचे आणि परत न्यायचे. या दोन दिवसांत मी अण्णांना जेवढं बोलले तेवढं ते जिवंत असताना कधी बोलले नाही. सांगायला नको होतं असं दर तासाला वाटायचं, आणि न सांगून चाललंच नसतं असंही वाटायचं. आई असती तर तिनं सांगितलं असतं काय करायचं ते. आता वर विचारायला कुणी नाही. शेवटी आत्याच मला दिसेल एवढं दार उघडून म्हणाली, "ते पुरवणीत लिहायचं म्हणत होतीस ना? लिहायचं तर सगळं लिही. नुसत्या चपला आणि घड्याळ नको." आणि दार लावून घेतलं.

काल सकाळी मी उठले तर ती बाल्कनीत होती, अण्णांच्या खुर्चीत. डबा मांडीवर. सात वाजत आले होते आणि कावळे जमले होते, कठड्यावर सहा-सात, समोरच्या गच्चीवर बरेच. अण्णा गेल्यापासून शेव मीच घालते, म्हणून मी डब्याला हात लावला. आत्यानं डबा सोडला नाही. "आधी चहा टाक," ती म्हणाली. मी आत गेले, आलं ठेचलं, दोघींचा चहा घेऊन आले. तिनं बशीत ओतला आणि फुंकर मारत, अगदी सावकाश प्यायला लागली. कावळ्यांनी कालवा मांडला होता. एक तर खुर्चीच्या हातावर येऊन बसला. शेजारच्या बाल्कनीतून कुणीतरी डोकावून पाहिलं.

"आत्या, घालू का आता? सगळी बिल्डिंग जागी होईल."

"तासभर उभी होते मी त्या दिवशी," ती म्हणाली. "भर उन्हात, हात जोडून." बशी खाली ठेवली, पदरानं तोंड पुसलं, समोर बघत राहिली. डबा तिच्या मांडीवर तसाच बंद होता.

"ओरडू दे जरा," ती म्हणाली, आणि रिकामा कप माझ्यापुढे केला. "पातेल्यात आहे का गं अजून?"